तेच पेडर, की त्याच नावाचं दुसरं?

ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेला टास्मानिया नावाचं बेट आहे. त्या बेटाच्या नैऋत्येला, डोंगररांगांच्या मध्ये, लेक पेडर नावाचं एक सरोवर आहे. नकाशा उघडलात तर लगेच सापडेल, बेटाच्या मानाने ते चांगलंच मोठं दिसतं. आणि तरीही आज सत्तरी-ऐंशीत असलेली तिथली काही माणसं तुम्हांला सांगतील की पेडर सरोवर १९७२ साली बुडालं. वाक्य ऐकायला विचित्र वाटतं ना? गाव बुडतं, शेत बुडतं, होडी बुडते. सरोवर कसं बुडेल? तर ते पाण्याखालीच बुडालं, विजेसाठी बांधलेल्या एका जलाशयाखाली. आणि त्या जलाशयाला नाव मिळालं ते बुडालेल्या सरोवराचंच.

आम्ही हयातभर तत्त्वज्ञान शिकवलं. एखादी वस्तू 'तीच' आहे असं आपण कशाच्या आधारावर म्हणतो, हा प्रश्न वर्गात घेतला की मागच्या बाकावरची मुलं हमखास पेंगायची. त्यांचंही काही चुकत नसे. रथ, कापड, जहाज ही उदाहरणं शतकानुशतकं वापरून गुळगुळीत झालेली. पेडरचं तसं नाही. तिथे 'तेच आहे' म्हणायचं की 'ते नाही' म्हणायचं यावर कायदे झाले, चौकशा झाल्या, आणि पुढचा निर्णय अजून व्हायचा आहे. तेव्हा आज हे एकच सरोवर घेऊन बसू.

आधी मूळ सरोवर कसं होतं ते पाहू. समुद्रसपाटीपासून साधारण ३०० मीटर उंचीवर, फ्रँकलंड डोंगररांगेच्या पायथ्याशी ते होतं. क्षेत्रफळ ९-१० चौरस किलोमीटर, म्हणजे फार मोठं नव्हे. खोलीही फार नाही, काही मीटरच. भोवतालच्या कुजट, काळ्या दलदलीतून झिरपत येणारं पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचं असे. आणि एका काठाला पुळण होती. कोकणातल्या माणसाला पुळण म्हणजे काय ते सांगावं लागत नाही, पण ही पुळण समुद्राची नव्हती, डोंगरातल्या तळ्याची होती. गारगोटीच्या खडकाची झीज होऊन झालेली गुलाबी छटेची वाळू, सुमारे ३ किलोमीटर लांब. हिवाळ्यात पाणी चढलं की ती बरीचशी झाकली जाई, आणि उन्हाळा संपता संपता, म्हणजे तिकडच्या फेब्रुवारी-मार्चमध्ये, अर्ध्या किलोमीटरहूनही जास्त रुंद उघडी पडे. ती वाळू इतकी घट्ट की लहान विमानं तिच्यावर उतरत. रस्ता नव्हताच. एकतर विमानाने जायचं, नाहीतर पाठीवर सामान घेऊन काही दिवस चालायचं.

सरोवराचं नाव तसं जुनं नाही. जॉन वेज नावाच्या मोजणीदाराने १८३५ साली ते नकाशावर मांडलं आणि वसाहतीच्या मुख्य न्यायाधीशाचं, सर जॉन पेडर यांचं नाव त्याला देऊन टाकलं. टास्मानियात त्याआधी हजारो वर्षं आदिवासींची वस्ती होती, त्यांना कोणी विचारलं नाही. नावाचा घोटाळा १९७२ पासून सुरू झाला असं आम्ही म्हणणार होतो, पण खरं पाहता तो १८३५ पासूनचा आहे. असो. १९५५ साली सरोवर आणि भोवतालचा प्रदेश राष्ट्रीय उद्यान म्हणून जाहीर झाला.

आता वीज. डोंगरातल्या पाण्याला वीजवाले एवढी किंमत का देतात, हे एका सोप्या हिशेबाने कळतं. हजार लिटर पाणी, म्हणजे एक टन वजन, १०० मीटर खाली पडलं तर त्यातून जास्तीत जास्त पाव युनिटच्या थोडी वर वीज निघते. बस, एवढीच. एक पंखा चार-पाच तास चालेल. तेव्हा वीज हवी असेल तर दोनच मार्ग: पाणी भरपूर हवं, नाहीतर उतार मोठा हवा. दोन्ही एके ठिकाणी मिळाले तर इंजिनिअरला देव भेटल्यासारखं होतं. आपल्याकडे मुळशीला काय केलं? पूर्वेकडे वाहून जाणारं मुळेचं पाणी अडवलं, डोंगरातून पश्चिमेला वळवलं आणि कड्याखाली भिऱ्याला सोडलं. कोयनेचं तसंच, पोफळीला. नदी जिकडे जात होती तिकडे जाऊ द्यायची नाही, जिकडे उतार मोठा तिकडे न्यायची.

टास्मानिया हे डोंगराळ आणि पावसाचं बेट. तिथे १९१६ सालापासून मध्य पठारावरच्या ग्रेट लेकचं पाणी वॅडमानाच्या वीजघरात जात होतं. १९३० साली हायड्रो-इलेक्ट्रिक कमिशन स्थापन झालं आणि पुढची पन्नास वर्षं त्या राज्यात कमिशनचा शब्द म्हणजे जवळजवळ सरकारचाच शब्द होता. स्वस्त वीज दिली की कारखाने येतील, कारखाने आले की पोरांना बेट सोडून जावं लागणार नाही, असा सरळ विचार. त्याला हसण्यात अर्थ नाही. गरीब राज्याने असा विचार करणं साहजिक होतं, आणि कारखाने आलेही.

साठच्या दशकात कमिशनची नजर नैऋत्येच्या गॉर्डन नदीवर गेली. पेडरच्या बाबतीत नेमकं काय घडलं हे इथे नीट समजून घ्यावं लागेल, कारण पुष्कळांचा असा समज असतो की पेडरला बांध घालून त्यातलं पाणी थेट टर्बाइनवर सोडलं. तसं नाही. मुख्य धरण गॉर्डन नदीवर आहे: १४० मीटर उंच, कमानीच्या आकाराचं, १९७४ साली पुरं झालेलं. वीजघर तिथेच, जमिनीच्या पोटात. त्यात १४४ मेगावॉटचे तीन संच, एकूण ४३२ मेगावॉट. पण एकट्या गॉर्डनचं पाणी पुरेसं वाटलं नाही. मग शेजारची सर्पेंटाइन नदी अडवली. ही पेडरमधून निघून गॉर्डनलाच मिळणारी. आणि पलीकडच्या ह्युऑन नदीचं उगमाजवळचं पाणीही अडवलं. ही नदी तर भलत्याच दिशेला जाणारी, तिचा गॉर्डनशी काही संबंध नाही. यासाठी सर्पेंटाइन, स्कॉट्स पीक आणि एडगर अशी तीन धरणं झाली. तिन्हींच्या मागे पाणी चढत गेलं, एकमेकांत मिसळलं आणि मॅकपार्टलन खिंडीतून काढलेल्या कालव्याने गॉर्डनच्या जलाशयात उतरू लागलं.

म्हणजे पेडर हा कोठार नव्हे. कोठार गॉर्डनचं. पेडरवर पाणी चढवलं ते मुख्यतः ते खिंडीतून पलीकडे जावं म्हणून, त्याला तेवढी उंची मिळावी म्हणून. याचा परिणाम असा की गॉर्डनच्या जलाशयाची पातळी दुष्काळात कितीतरी मीटर खाली जाते, पेडरची मात्र वर्षभर जवळजवळ एकाच रेषेवर ठेवावी लागते. गोव्यात साळावली धरणाखाली गेलेलं कुर्डी गाव, मोगूबाई कुर्डीकरांचं गाव, दर मे महिन्यात पाणी ओसरलं की वर येतं. जुने गावकरी आपापल्या घरांच्या जोत्यांशी जाऊन उभे राहतात, देवळात उत्सव करतात. पेडरच्या माणसांना तेवढंही नाही. त्यांची पुळण साधारण १५ मीटर पाण्याखाली आहे आणि एकदाही वर आलेली नाही.

नव्या जलाशयाचं क्षेत्रफळ सुमारे २४२ चौरस किलोमीटर. जुन्याच्या जवळजवळ पंचवीसपट.

हे सगळं होत असताना सरकार काय म्हणत होतं? पंतप्रधान नव्हे, राज्याचे प्रीमियर एरिक रीस. विजेच्या नादामुळे लोक त्यांना 'इलेक्ट्रिक एरिक' म्हणत. त्यांनी सुरुवातीला सांगितलं ते इतकंच की पेडरच्या राष्ट्रीय उद्यानात थोडाफार बदल होईल. 'बदल' हा शब्द लक्षात ठेवा, त्याच्याकडे परत यायचं आहे. १९६७ साली विधिमंडळाने योजना मंजूर केली आणि उद्यानाचा दर्जा काढून घेतला. विरोध झाला, पण दोन्ही मोठे पक्ष धरणाच्या बाजूने, त्यामुळे मत द्यायचं कोणाला हाच प्रश्न. मार्च १९७१ मध्ये शेकडो माणसं निरोप घ्यायला त्या पुळणीवर गेली. मार्च १९७२ मध्ये होबार्ट शहरात एका सभेतून युनायटेड टास्मानिया ग्रुप हा पक्ष निघाला. पर्यावरणाच्या प्रश्नावर निवडणूक लढवणारा जगातला पहिला पक्ष म्हणून आज त्याचं नाव घेतलं जातं. एकही जागा मिळाली नाही.

दोन माणसांबद्दल सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. एक ओलेगस त्रुखानस. लिथुएनियातून निर्वासित म्हणून आलेला हा माणूस नोकरीला होता हायड्रो-इलेक्ट्रिक कमिशनमध्येच, आणि सुटी मिळाली की कॅमेरा घेऊन पेडरला. १९६७ च्या वणव्यात त्याचं घर जळालं, वर्षानुवर्षं काढलेल्या पारदर्शिका गेल्या. त्याने परत पहिल्यापासून सुरुवात केली, कारण सरोवर जाणार हे त्याला ठाऊक होतं, आत बसूनच कळलेलं. त्या पारदर्शिका तो होबार्टच्या टाउन हॉलमध्ये संगीत लावून दाखवायचा आणि सभागृह भरून जायचं. जानेवारी १९७२ मध्ये गॉर्डन नदीचे फोटो काढायला गेला असताना तो तिथेच बुडून मेला. दुसरी ब्रेंडा हीअन, होबार्टची एक घरंदाज बाई. ८ सप्टेंबर १९७२ रोजी मॅक्स प्राइस या वैमानिकाबरोबर ती एका छोट्या टायगर मॉथ विमानातून राजधानी कॅनबेराकडे निघाली. आकाशात धुराने 'पेडर वाचवा' असं लिहायचं, अशी योजना होती. विमान पोचलंच नाही. दोघं सापडली नाहीत, विमानाचा सांगाडाही नाही. निघण्याआधी विमान ठेवलेल्या जागेत कोणीतरी शिरल्याच्या खुणा होत्या. त्या प्रकरणावर तिकडे आजही बोललं जातं.

आणि एक कायदा. विरोधकांना कोर्टात जायचं होतं. त्यांचं म्हणणं, राष्ट्रीय उद्यान असं बुडवण्याचा अधिकार कमिशनला कायद्याने आहे का, ते तपासा. पण त्यासाठी राज्याच्या अॅटर्नी जनरलची परवानगी लागत होती. ते परवानगी देण्याच्या बाजूचे होते, मंत्रिमंडळाने अडवलं, त्यांनी राजीनामा दिला. ते खातं रीस यांनी स्वतःकडे घेतलं आणि मग विधिमंडळाने जे झालं ते कायदेशीरच होतं असं ठरवणारा कायदा केला. त्याचं नाव काय? 'डाउट्स रिमूव्हल अॅक्ट'. शंकानिरसन कायदा! तीन तपं शंका कशी घ्यावी हे शिकवून झाल्यावर आम्हांला कळलं की शंका विधेयक आणूनही काढता येते.

आता मूळ प्रश्नाकडे. आपल्याकडे ओळख पटण्याचं एक ठरलेलं उदाहरण आहे: 'सोऽयं देवदत्तः', तोच हा देवदत्त. पूर्वी काशीत पाहिलेला, तरणा, आणि आज इथे दिसतो आहे तो, म्हातारा. दोन्ही वर्णनं जुळत नाहीत. मग वेदान्ती काय करतात? त्या वेळचं तारुण्य सोडा, या वेळचं म्हातारपण सोडा, जो उरतो तो देवदत्त एकच. आता हीच युक्ती पेडरला लावून बघा. जुन्याची पुळण, उथळपणा, चहासारखं पाणी सोडा. नव्याची धरणं, खोली, कालवा सोडा. काय उरतं? देवदत्ताच्या बाबतीत निदान तो जिवंत देह उरतो, जन्मापासून आजपर्यंत न तुटता चालत आलेला. सरोवराच्या बाबतीत पाणी तर दरवर्षी बदलतं. काठ बदलला. तळ? नव्या जलाशयाच्या तळाचा पंचविसावा भाग जुन्या सरोवराचा, बाकीची दलदल, नदीकाठ आणि माळ. उरलं फक्त नाव.

नैयायिकांना विचाराल तर ते आणखी कडक. कापडात एक धागा वाढवला तरी जुनं कापड नष्ट झालं, नवं कापड उत्पन्न झालं. हे मानलं तर प्रश्न चुटकीसरशी सुटतो, पण फारच सुटतो. मग दर पावसाळ्यात नवं सरोवर. आपल्याला इतकं कडक होऊन चालणार नाही, आणि तशी गरजही नाही. टास्मानियातच दुसरं उदाहरण आहे, लेक सेंट क्लेअर. ते १६० मीटर खोल. तिथेही विजेसाठी पाण्याची पातळी थोडी वाढवली, १९४० साली पाण्यात पंपघर बांधलं. (त्या पंपघरात आता हॉटेल आहे.) सेंट क्लेअर बुडालं असं कोणी म्हणत नाही. काठ थोडा सरकला, सरोवर तेच राहिलं. मग पेडरलाच का म्हणायचं? आमच्या मते कारण असं की सरोवर म्हणजे नुसतं साठलेलं पाणी नव्हे. कुठल्या गोष्टींमुळे ते 'ते' ठरतं, ते प्रत्येक सरोवराचं वेगळं असतं. सेंट क्लेअरचं लक्षण त्याची खोली आणि त्याचे उभे डोंगर, ते शाबूत आहेत. पेडरचं लक्षण होतं उथळपणा, दरसाल झाकली जाणारी आणि उघडी पडणारी पुळण, काठाची दलदल. अनेक पुरुष उंचीच्या पाण्याखाली यातलं काहीच चालू राहत नाही. म्हणून 'बदल' हा शब्द खोटा होता. पेडर वाढवलं, रुंदावलं, यातलं काही घडलं नाही. एक वस्तू झाकली आणि तिच्यावर दुसरी मांडली. जुने आंदोलक आजही नव्या जलाशयाला पेडर म्हणत नाहीत, 'ह्युऑन-सर्पेंटाइन जलसाठा' म्हणतात. उच्चारायला अवघड आहे, पण अचूक आहे.

इथे आपल्यापैकी कोणीतरी मनात म्हणत असेल, आणि ते योग्यच आहे, की अहो, आमच्याकडे मुळशीला १९२१ साली सेनापती बापटांनी शेतकऱ्यांना घेऊन सत्याग्रह केला तो जमिनीसाठी, घरांसाठी, पोटासाठी. वाळूच्या पट्ट्यासाठी रडणं हे भरल्या पोटी सुचणारं आहे. हा आक्षेप आम्ही उडवून लावणार नाही. मुळशीतली बाई ज्याला मुकली त्याची बरोबरी होबार्टमधल्या फिरस्त्याच्या दुःखाशी करू नयेच. पण नेमक्या याच कारणाने पेडरचा प्रश्न आमच्यासारख्याला अडकवून ठेवतो. मुळशीत अन्याय कोणावर झाला हे बोट दाखवून सांगता येतं. पेडरच्या पाण्याखाली त्या घडीला एकही गाव नव्हतं, शेत नव्हतं, घर नव्हतं. मग तिथे काही वाईट घडलं असेल तर ते कोणाचं?

योगायोग असा की त्याच सुमारास, १९७३ साली, रिचर्ड रूटली या ऑस्ट्रेलियात शिकवणाऱ्या तत्त्वज्ञाने बल्गेरियातल्या जागतिक परिषदेत एक निबंध वाचला. (या गृहस्थांनी पुढे आडनाव बदलून 'सिल्व्हन', म्हणजे वनातला, असं घेतलं.) त्यांनी एक कल्पना मांडली. समजा पृथ्वीवरचा शेवटचा माणूस उरला आहे. त्याच्यामागे कोणी नाही. मरण्याआधी तो हाताला लागेल ती झाडं, ते प्राणी नष्ट करत सुटला. त्याने कोणत्याच माणसाचं नुकसान केलं नाही, कारण माणूसच नाही. तरी त्याने गैर केलं असं तुम्हांला वाटतं का? वाटत असेल, तर माणसाच्या नफा-तोट्याबाहेरही काही मोलाचं आहे असं तुम्ही आधीच मान्य केलं आहे. आम्हांला विचाराल तर, वाटतं. ते सिद्ध करून दाखवा म्हटलं तर आम्ही अडखळू, पण शेवटच्या माणसाला मोकळं सोडायला मन तयार होत नाही.

त्याच १९७३ मध्ये केंद्र सरकारने नेमलेल्या चौकशी समितीने काम थांबवून फेरविचार करावा असं सुचवलं. व्हिटलम सरकार खर्च उचलायला तयार झालं. रीस यांनी नकार दिला. पेडर तेवढ्यावर संपलं. त्या पराभवातून शिकलेली माणसं पुढे फ्रँकलिन नदीसाठी लढली आणि १९८३ साली सर्वोच्च पातळीवरच्या न्यायालयात तो खटला केंद्र सरकारच्या बाजूने लागून ते धरण थांबलं, ही गोष्ट पुष्कळांना माहीत असते.

पण पेडर खरंच संपलं का? नव्वदच्या दशकात पाणबुड्यांनी आणि शास्त्रज्ञांनी खाली जाऊन पाहिलं. जुनी पुळण, तिच्यामागच्या वाळूच्या टेकड्या जागच्या जागी होत्या. वर गाळ साचला होता तो काही मिलिमीटरचा. जलाशय रिकामा करून जुनं सरोवर परत आणा, अशी मागणी पुढे आली. १९९५ साली ऑस्ट्रेलियाच्या संसदेच्या समितीने ती तपासली आणि सांगितलं की तांत्रिकदृष्ट्या हे होऊ शकतं, पण करावं अशी शिफारस आम्ही करत नाही. मागणी थांबलेली नाही. उलट आता तिला एक नवं निमित्त मिळालं आहे. धरणं पन्नाशीला आली. एडगर धरण तर एका भूभ्रंशरेषेच्या लगत आहे, त्याच्या मजबुतीवर खर्च करावा लागणार. आंदोलक म्हणतात, खर्च करायचाच आहे तर तो धरणं काढण्यावर करा. गॉर्डनचं वीजघर त्याच्या स्वतःच्या पाण्यावर चालूच राहील.

समजा ठरवलं, पाणी सोडलं, पुळण वर आली. ते पेडर असेल का? रॉबर्ट एलियट नावाच्या ऑस्ट्रेलियन तत्त्वज्ञाचा १९८२ सालचा एक गाजलेला निबंध आहे. त्याचं म्हणणं असं की माणसाने पुन्हा घडवलेला निसर्ग हा नामांकित चित्राच्या हुबेहूब नकलेसारखा असतो. डोळ्यांना फरक कळत नाही, पण मोल तेवढं नाही, कारण मोल त्याच्या जन्मकथेत असतं. हा मुद्दा वजनदार आहे. खाणवाले टेकडी पोखरतात आणि 'नंतर झाडं लावून देऊ' म्हणतात, त्यांना हेच उत्तर द्यावं. पण पेडरला तो लागू पडत नाही असं आमचं मत आहे. इथे नक्कल करायचीच नाहीये. जुन्या देवळातल्या मूर्तीवर शेंदराची पुटं चढत जातात, आणि एखाद्या वर्षी कवच गळून पडतं, आतली दगडी मूर्ती दिसते. ती मूर्ती कोणी नव्याने घडवली असं आपण म्हणतो का? ती तिथेच होती. हजारो वर्षांत हिमनद्यांनी आणि वाऱ्याने जी पुळण घातली तीच, तिथेच, पाण्याखाली आहे. इतिहासात पन्नास-साठ वर्षांचा खंड पडला इतकंच.

इतकंच म्हटलं खरं, पण ते तितकं सरळ नाही. पुळण टिकली म्हणजे सगळं टिकलं असं नव्हे. दोनशेहून जास्त चौरस किलोमीटरवरची दलदल आणि झुडपं कुजून गेली, तिथे आधी चिखल दिसेल आणि हिरवं व्हायला कित्येक वर्षं जातील. पेडरमधला एक गांडूळ फक्त एकाच नमुन्यावरून माहीत आहे, १९७१ साली मिळालेल्या. तो परत कधी दिसला नाही आणि नामशेष म्हणून नोंदला गेला. शिवाय वीज. कोळशाविना मिळणारी वीज आज १९७२ पेक्षा कितीतरी जास्त मोलाची आहे, ती सोडायची तर बदल्यात काय, याचं उत्तर आंदोलकांना द्यावं लागतं आणि ते दरवेळी पटेलच असं नाही. आणि एक गोष्ट आम्हांला सगळ्यांत अवघड वाटते. १९७२ नंतर जन्मलेल्या माणसाला 'पेडर' म्हटलं की आठवतो तो हा मोठा जलाशय: त्याच्याकडे जाणारा रस्ता, गळ टाकून ट्राउट मासे पकडलेली संध्याकाळ, वडिलांची होडी. त्याच्या पेडरमध्ये खोटं काय आहे? उद्या पाणी सोडायला निघालात तर 'पेडर वाचवा' अशी पाटी घेऊन तोच उभा राहील, आणि त्याचा शब्दही चुकीचा नसेल. आमचा कौल तरीही जुन्या सरोवराच्या बाजूने आहे. मात्र त्या माणसासमोर बसून तो सांगायची वेळ आली तर आवाज जरा खाली घेऊनच सांगू.

शेवटी माशाबद्दल. पेडरमध्ये बोटाएवढा एक मासा होता, पेडर गॅलॅक्सियस. जगात दुसरीकडे कुठे नव्हता. जलाशय झाला तेव्हा सुरुवातीला तो खूप वाढला, मग दुसरे मासे आत आले, ट्राउटही होतेच, आणि हा संपत गेला. १९९० च्या दशकात शास्त्रज्ञांनी उरलेसुरले मासे धरून जवळच्या डोंगरातल्या ओबेरॉन नावाच्या लहान तळ्यात सोडले. तिथे आधी एकही मासा नव्हता. ते तिथे तगले. पुढे स्ट्रॅथगॉर्डनजवळच्या एका छोट्या तळ्यातही थोडे सोडले. मूळ जागी, म्हणजे पेडरमध्ये, तो आता एकही नाही. सरोवर परत आणलं तर मासाही परत आणायचा, असं साधं वाटतं. पण आसपासच्या ओढ्यांतून ट्राउट आहेत, आणि धरणं काढली म्हणून ते काही निघून जाणार नाहीत.